एक मोठं मशीन की हजार छोटी? १९९९ सालच्या तीन शेजाऱ्यांची गोष्ट

या एपिसोडचा लिखित भाग इथे देतोय. बसमध्ये, लोकलमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी खास.

आजचा प्रश्न साधा आहे. सकाळी दहा वाजता तत्काळ उघडतं, दुपारी एकला दहावीचा निकाल लागतो, आणि लाखो लोक एकाच मिनिटाला एकाच साइटवर तुटून पडतात. मग गोल फिरणारं चक्र दिसतं आणि आपण म्हणतो, "सर्व्हर डाउन आहे यार, मोठा सर्व्हर घ्यायला काय होतं यांना?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे हे वाक्य मला नातेवाइकांकडून प्रत्येक निकालाच्या दिवशी ऐकावं लागतं. जणू काही मीच ती साइट चालवतो! पण प्रश्न चुकीचा नाहीये. मोठा सर्व्हर घ्यायला खरंच काय होतं? आणि मोठा घ्यायचा की खूप सारे छोटे घ्यायचे? हा वाद आजचा नाही. याची सगळ्यात भारी केस घडली ती १९९९ साली, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा गावात, एकाच इमारतीत. तिथे तीन कंपन्या शेजारीशेजारी राहत होत्या आणि तिघींनी या प्रश्नाची तीन वेगळी उत्तरं दिली होती.

इमारत आणि तिच्यातले पिंजरे

तेव्हा क्लाउड नव्हता. वेबसाइट चालवायची तर मशीन स्वतः विकत घ्यायचं आणि ते कुठेतरी नेऊन ठेवायचं. ऑफिसात ठेवलं तर वीज जाणार, एसी बंद पडणार. म्हणून डेटा सेंटरमध्ये जागा भाड्याने घ्यायची. एक्सोडस नावाची कंपनी अशी जागा द्यायची. मोठा हॉल, थंड हवा, बॅकअपची वीज, जाड इंटरनेट लाइन, आणि प्रत्येक भाडेकरूला तारेच्या जाळीचा एक पिंजरा. पिंजऱ्याला कुलूप, किल्ली तुमच्याकडे. आत काय ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आता यातली गंमत अशी की भाडं लागायचं जागेवर, म्हणजे किती स्क्वेअर फूट घेतलेत त्यावर. वीज त्या भाड्यातच धरलेली असायची. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. इंटरनेट मात्र वेगळं आणि भयंकर महाग: एका एमबीपीएसला महिन्याला साधारण १,२०० डॉलर. हो, एका एमबीपीएसला! आज आपण त्याच्या शंभरपट स्पीडवर रील्स बघतो.

१ फेब्रुवारी १९९९ ला उर्स होल्झल नावाचा प्राध्यापक या इमारतीत पहिल्यांदा आला. त्याला घेऊन आला होता लॅरी पेज. होल्झल तेव्हा गूगलमध्ये लागलेलाही नव्हता, नंतर तोच तिथला इन्फ्रास्ट्रक्चरचा प्रमुख झाला. त्याने नंतर लिहून ठेवलंय की गूगलचा पहिला पिंजरा सात फूट बाय चार फूट होता, आणि आत शेल्फवर सुमारे ३० पीसी कोंबले होते. माणसाला आत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारीपाजारी कोण? अल्टाव्हिस्टा आणि ईबे. तेव्हाचे इंटरनेटचे जहागीरदार!

पहिला शेजारी: अल्टाव्हिस्टा

तुमच्यापैकी अनेकांनी अल्टाव्हिस्टा हे नावच ऐकलं नसेल. पण गूगलच्या आधी सर्च म्हणजे अल्टाव्हिस्टा होतं. १५ डिसेंबर १९९५ ला ते सुरू झालं. पहिल्याच दिवशी तीन लाखांच्या आसपास हिट्स आले, आणि दोन वर्षांत तोच आकडा दिवसाला आठ कोटींवर गेला.

हे काढलं कोणी? डीईसी, म्हणजे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, या हार्डवेअर विकणाऱ्या कंपनीने. त्यांच्याकडे अल्फा नावाचा ६४ बिटचा प्रोसेसर होता, त्या काळातला सगळ्यात वेगवान प्रोसेसरांपैकी एक. आता ग्राहकाला कसं पटवायचं की आमचं मशीन भारी आहे? संशोधकांनी डोकं चालवलं: अख्खं वेब या मशीनवर शोधून दाखवू! लुई मॉनिए याने पानं गोळा करणारा क्रॉलर लिहिला, माइक बरोज याने इंडेक्स बांधणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि मोठमोठ्या अल्फासर्व्हर मशीनांवर ते चढवलं.

६४ बिटचं काय एवढं कौतुक? साधा ३२ बिटचा प्रोसेसर फार तर ४ जीबी मेमरीचा पत्ता सांगू शकतो. त्याच्या पुढची मेमरी त्याला सरळ दिसतच नाही. आणि सर्च वेगात हवा असेल तर इंडेक्स डिस्कवर ठेवून चालत नाही. डिस्कची सुई हलायलाच काही मिलिसेकंद जातात, आणि मेमरी त्याहून हजारो पटींनी वेगवान असते. म्हणून जास्तीत जास्त इंडेक्स मेमरीत ठेवायचा, आणि त्यासाठी मोठ्या मेमरीचं मोठं मशीन घ्यायचं. १९९८ साली अल्टाव्हिस्टाकडे २० मशीन होती, सगळी मिळून १३० जीबी मेमरी, आणि रोज १ कोटी ३० लाख सर्च.

म्हणजे अल्टाव्हिस्टाने हार्डवेअर निवडलंच नव्हतं, बरं का. उलट हार्डवेअरने अल्टाव्हिस्टाला जन्म दिला होता. वेबसाइट ही मशीनची जाहिरात होती. आणि दुकानदार स्वतःच्याच दुकानातला सगळ्यात महागडा माल स्वतः वापरत असेल, तर "यापेक्षा स्वस्तात होईल का?" हा प्रश्न त्याच्या घरात कोण विचारणार?

दुसरा शेजारी: ईबे

ईबेची सुरुवात अगदी उलट टोकाला झाली. सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिड्यारने सुट्टीच्या वीकेंडला बसून लिलावाची साइट लिहिली. पर्ल भाषेतला प्रोग्रॅम, आणि विकायला ठेवलेली प्रत्येक वस्तू म्हणजे डिस्कवरची एक फाइल. डेटाबेस वगैरे काही नाही. हे मॉडेल सुमारे पन्नास हजार वस्तूंपर्यंत ठीक चाललं, पुढे दम लागायला लागला. मग त्यांनी सगळं नव्याने लिहिलं आणि मागे ओरॅकलचा डेटाबेस ठेवला, तो सन मायक्रोसिस्टिम्सच्या मशीनवर.

इथे थोडं थांबून एक उदाहरण देतो, कारण या एपिसोडचा गाभा यातच आहे.

गावाकडचं लग्न डोळ्यासमोर आणा. हजार माणसांचं जेवण आहे. चपात्या कोण करणार? जुन्या पद्धतीत पीठ घरोघरी वाटून दिलं जायचं. पन्नास घरांत पन्नास जणी चपात्या लाटणार. एखादीची चूल विझली तर शेजारची दहा जास्त लाटेल, पंगतीला कळणारही नाही. म्हणजे हे काम वाटून होतं. पण मांडवात आहेराची वही असते. कोणी किती दिले, ते एकच माणूस एका जागी बसून लिहितो. ती वही पन्नास जणांत वाटून बघा! संध्याकाळी हिशेब जुळवताना कोणी १०१ दोनदा लिहिलेत, कोणाचे ५०१ राहिलेत. भांडणं ठरलेली.

वेबसाइटच्या कामातही असंच असतं. काही कामं चपात्यांसारखी आणि काही आहेराच्या वहीसारखी. ईबेची बोली म्हणजे आहेराची वही. एका घड्याळावर दोघांनी शेवटच्या सेकंदाला बोली लावली तर वरची कोणाची, हे एकाच जागी ठरलं पाहिजे. म्हणून ईबेने जे केलं ते त्या वेळी शहाणपणाचंच होतं. वही एकाच्याच हातात ठेवायची, आणि तो माणूस जितका दणकट मिळेल तितका घ्यायचा.

तो दणकट गडी म्हणजे सनचं ई-१०,०००, लाडाचं नाव स्टारफायर. एका कपाटात ६४ पर्यंत प्रोसेसर, ६४ जीबी पर्यंत मेमरी, आणि किंमत दहा लाख डॉलरच्या वर जायची. याचं मूळ डिझाइन क्रे या सुपरकॉम्प्युटरवाल्या घराण्यातलं. सिलिकॉन ग्राफिक्सने क्रे विकत घेतली तेव्हा हा विभाग त्यांनी सनला विकून टाकला, आणि सनने त्यावर चिक्कार पैसे कमावले.

आणि मग आला १० जून १९९९. ईबे बंद पडलं. तासाभराने नाही, संध्याकाळपर्यंत नाही, तब्बल २२ तास बंद राहिलं! डेटाबेस खराब झाला होता. सनच्या ऑपरेटिंग सिस्टममधल्या एका दोषावरचा पॅच आधीच उपलब्ध होता, पण या मशीनवर तो चढवलेला नव्हता, असं नंतर बाहेर आलं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुख्य मशीन पडल्यावर लगेच ताबा घेईल असं दुसरं तयार मशीन उभं नव्हतं. दहा लाख डॉलरच्या गड्याला जोडीदारच नव्हता.

तेव्हाच्या सीईओ मेग व्हिटमन रात्रंदिवस ऑफिसात तळ ठोकून होत्या. विक्रेत्यांचं शुल्क माफ करावं लागलं, त्याचा फटका ३० ते ५० लाख डॉलरचा होता. शेअर धाडकन आपटला. पण मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते विक्रेते. तोपर्यंत ईबेवर कित्येक लोकांचं घर चालायला लागलं होतं. त्यांचा लिलाव त्या २२ तासांत संपणार होता. त्यांच्या दृष्टीने सर्व्हर पडला नव्हता, बाजारच्या दिवशी बाजारच भरला नव्हता.

तिसरा शेजारी: ते ३० पीसीवाले

आता त्या सात बाय चारच्या पिंजऱ्याकडे येऊ.

गूगलची काटकसर स्टॅनफर्डपासूनची. पेज आणि ब्रिन यांनी डिस्क ठेवायला जे कपाट केलं होतं, ते लेगोच्या ठोकळ्यांचं होतं. त्यात प्रत्येकी ४ जीबीच्या दहा हार्ड डिस्क. बाकी मशीन इंटेल आणि आयबीएमने दान दिलेली, एक सनचं. मिळेल ते जोडून काम चालवायची सवय तिथूनच लागलेली.

१९९९ मध्ये त्यांनी स्वतःच्या डिझाइनचे रॅक बनवून घेतले. त्यांना आज 'कॉर्कबोर्ड' म्हणतात. का? तर मदरबोर्ड साध्या ट्रेवर ठेवलेले आणि खाली शॉर्ट सर्किट होऊ नये म्हणून कॉर्कचा थर, आपल्या नोटीस बोर्डावर असतो ना, तसला. प्रत्येक ट्रेवर चार मदरबोर्ड, पॉवर सप्लाय सामायिक, डब्बा नाही, झाकण नाही. वायरींचा नुसता भेंडोळा. यातला एक रॅक आज कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये ठेवलाय. फोटो शोधून बघा, मदरबोर्ड वजनाने खाली झुकलेले दिसतात. इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरचा प्रोजेक्ट वाटतो!

आणि आता ते भाडं आठवा. पैसे जागेचे, वीज त्यातच. म्हणजे एका स्क्वेअर फुटात जितकी जास्त मशीन कोंबाल तितका फायदा तुमचा. ट्रेवर चार-चार मदरबोर्ड पसरण्यामागे हे गणित होतं. नुसता जुगाड नव्हता तो, भाडेकराराचा नीट अभ्यास होता.

पण खरा प्रश्न असा की स्वस्त पीसी सारखे बिघडतात, त्याचं काय? हिशेब करू. समजा एक मशीन तीन वर्षांतून एकदा बिघडतं. घरी असेल तर आपण म्हणू, छान टिकलं. पण अशी हजार मशीन असतील तर? तीन वर्षं म्हणजे साधारण हजार दिवस. म्हणजे रोज एक मशीन मरणार. रोज! मग तुमच्याकडे दोनच रस्ते. एक तर कमी मरणारं महाग मशीन घ्या, नाहीतर मशीन मरणं हा रोजचा कार्यक्रम आहे असं धरून सॉफ्टवेअर लिहा.

गूगलने दुसरा रस्ता धरला, आणि तो त्यांना जमला, कारण सर्च हे चपात्यांसारखं काम आहे. इंडेक्सचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा काही मशीनांवर ठेवा, आणि प्रत्येक तुकड्याच्या अनेक प्रती करा. कोणी काही शोधलं की सगळ्या तुकड्यांना एकदम विचारायचं, उत्तरं गोळा करायची, क्रम लावून दाखवायची. एक मशीन मेलं तर त्याच्या प्रतीला विचारा. आणि इंडेक्स नुसता वाचायचा असतो, त्यात कोणी बोली लिहीत नसतं. त्यामुळे दोन प्रतींत क्षणभर फरक असला तरी आभाळ कोसळत नाही.

हा विचार गूगलने शोधला असं मात्र नाही. आपल्या पुण्यातच याची एक आवृत्ती होऊन गेली होती. ऐंशीच्या दशकात भारताला हवा तसा क्रे सुपरकॉम्प्युटर अमेरिकेने दिला नाही. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, आणि विजय भटकरांच्या टीमने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. तो कसा? ट्रान्सप्युटर नावाच्या, बाजारात मिळणाऱ्या छोट्या प्रोसेसरांची फौज एकमेकांना जोडून. तिथे कारण मोठं मशीन मिळत नव्हतं हे होतं, इथे परवडत नव्हतं हे. पण अडचणीतून निघालेली वाट एकच.

आकडे काय सांगतात

२००३ मध्ये लुईझ बारोसो, जेफ डीन आणि होल्झल यांनी गूगलची ही रचना एका लेखात उघड मांडली. तेव्हा त्यांच्याकडे १५,००० च्या वर साधी मशीन होती. त्या लेखातली तुलना मला फार आवडते, कारण ती कोणालाही कळते.

एका बाजूला ८८ छोट्या सर्व्हरचा रॅक: १७६ प्रोसेसर, १७६ जीबी मेमरी, ७ टीबी डिस्क, किंमत सुमारे २ लाख ७८ हजार डॉलर. दुसऱ्या बाजूला एक मोठा सर्व्हर: ८ प्रोसेसर, ६४ जीबी मेमरी, ८ टीबी डिस्क, किंमत सुमारे ७ लाख ५८ हजार डॉलर. प्रोसेसर एकाच जातीचे. भागाकार केला तर छोट्यांच्या रॅकमध्ये एका प्रोसेसरमागे १,६०० डॉलरच्या आत पडतात, आणि मोठ्यात जवळपास ९५,०००. साठपट फरक!

आता कोणी म्हणेल, मग मोठं मशीन घेणारे वेडे होते का? अजिबात नाही. त्या जास्तीच्या पैशांत काय मिळतं ते बघा. आठही प्रोसेसरना एकच मेमरी दिसते, म्हणजे वही एकाच टेबलावर. भाग बिघडला तर चालू मशीनमध्ये बदलता येतो. आणि प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागत नाही. छोट्या मशीनांमध्ये वाचवलेले पैसे तुम्ही इंजिनिअरांच्या पगारात घालता. हुशार इंजिनिअर आणि वाटून होणारं काम, हे दोन्ही असेल तरच तो साठपट फायदा पदरात पडतो.

स्वस्ताईचं बिल

आणि गूगलला या काटकसरीचं बिल आलं नाही, असं समजू नका.

२००० सालच्या सुरुवातीला गूगलचा इंडेक्स नव्याने बनेनाच. वेब वाचून नवा इंडेक्स बांधायची प्रक्रिया मध्येच मोडायची. लोक सर्च करत होते, पण त्यांना मिळत होतं काही महिन्यांपूर्वीचं शिळं वेब. आणि हे कधी? याहूसारख्या मोठ्या गिऱ्हाइकाशी करार व्हायच्या बेतात असताना. जेफ डीन आणि संजय घेमावत या दोघांनी एकाच स्क्रीनसमोर बसून कोड उसवायला घेतला. कोडमध्ये काही सापडेना. शेवटी ते थेट शून्य-एकापर्यंत, कच्च्या डेटापर्यंत उतरले, तेव्हा कळलं की काही ठिकाणी शून्याचा एक झालाय आणि एकाचा शून्य. चूक प्रोग्रॅमची नव्हती, मेमरीची होती.

मेमरीत असे बिट अधूनमधून पलटतात. महागड्या सर्व्हरच्या मेमरीत चूक ओळखून दुरुस्त करायची सोय असते, तिला ईसीसी म्हणतात. गूगलच्या स्वस्त मशीनांत ती नव्हती. एका पीसीत याने फार तर आठवड्याला एखादा गेम क्रॅश होईल. पण शेकडो मशीन दिवसेंदिवस एकच मोठा इंडेक्स बांधत असतील, तर कुठे ना कुठे बिट पलटणारच. आणि मेलेलं मशीन परवडतं हो, ते निदान गप्प बसतं. खोटं बोलणारं मशीन जास्त घातक. दोघांनी मग सॉफ्टवेअरमध्येच तपासण्या घातल्या, चुकीचा डेटा पकडला जाईल अशी सोय केली, आणि गाडी रुळावर आणली. त्याच वर्षी जूनमध्ये याहूने सर्चसाठी गूगलची निवड केली, आणि गूगलने १ अब्ज पानांचा इंडेक्स जाहीर केला.

गंमत बघा. डीन, घेमावत आणि बारोसो हे तिघेही आधी डीईसीच्या संशोधन शाळांमध्ये होते, म्हणजे अल्टाव्हिस्टाच्या घरातले! पुढे अल्टाव्हिस्टाचा इंडेक्स लिहिणारा माइक बरोजसुद्धा गूगलमध्येच आला. डीईसीला कॉम्पॅकने १९९८ मध्ये विकत घेतलं, अल्फा मागे पडला, आणि ८ जुलै २०१३ ला अल्टाव्हिस्टा बंद झालं. हार्डवेअर गेलं, माणसं पलीकडच्या पिंजऱ्यात गेली.

मग जिंकलं कोण?

"छोटे जिंकले, मोठे हरले" असं म्हणून एपिसोड संपवता आला असता, पण ते खरं नाही.

ईबेने नंतर काय केलं बघा. मेनार्ड वेब यांना आणून तंत्रज्ञान विभागाची सूत्रं दिली, आणि पुढच्या काही वर्षांत एका वहीच्या अनेक वह्या केल्या. ग्राहकांचा डेटाबेस वेगळा, वस्तूंचा वेगळा, पैशांचा वेगळा. मग वस्तूंच्या वहीचेही भाग पाडले. म्हणजे मांडवात आहेराची एकच वही न ठेवता वरपक्षाची वेगळी, वधूपक्षाची वेगळी. पण एका वस्तूची बोली अजूनही एकाच वहीत. वही कुठे फाडायची आणि कुठे नाही, हे कळणं महत्त्वाचं.

गूगललाही वेगळी भिंत लागली, विजेची. मशीनांनी भरलेला एक रॅक साधारण १० किलोवॉट खायचा. त्या लेखातल्या हिशेबाने हे एका स्क्वेअर फुटाला ४०० वॉट झाले, आणि नेहमीच्या डेटा सेंटरची सोय होती ७० ते १५० वॉटची. म्हणजे जागा असूनही मशीन लावता येईना. 'वीज फुकट' हे गणित संपलं. स्वतः एक्सोडसने तर २००१ मध्येच दिवाळखोरी जाहीर केली होती. मग मोठ्या कंपन्यांनी स्वतःची डेटा सेंटर बांधली आणि सर्व्हर निवडताना एक नवा रकाना आला: एका वॉटमागे किती काम? फेसबुकने २०११ मध्ये ओरेगनमधल्या प्राइनव्हिलच्या सेंटरसाठी स्वतःचे सर्व्हर डिझाइन केले आणि ती डिझाइन सगळ्यांसाठी खुली केली. त्यांच्या म्हणण्यानुसार वीज ३८ टक्क्यांनी आणि खर्च २४ टक्क्यांनी कमी झाला.

आणि दुसऱ्या टोकाला स्टॅक ओव्हरफ्लो. आपल्या सगळ्या कोडर लोकांचं कुलदैवत! २०१६ मध्ये त्यांनी त्यांची यादी जाहीर केली. एका दिवसात २० कोटींच्या वर रिक्वेस्ट, आणि त्या झेलायला फक्त ११ वेब सर्व्हर आणि ४ डेटाबेस सर्व्हर, त्याशिवाय थोडी मदतनीस मशीन. डेटाबेसच्या मशीनमध्ये ३८४ जीबी मेमरी. म्हणजे मोजकी, दणकट मशीन आणि हात राखून लिहिलेला कोड. त्यांचं काम मुख्यतः वाचायचं, डेटा एका मोठ्या मशीनच्या मेमरीत मावणारा. मग हजार मशीनांचा संसार कशाला मांडायचा? १९९५ मध्ये अल्टाव्हिस्टाने जे केलं तेच, फक्त वीस वर्षांत मेमरी इतकी स्वस्त झाली की तीच युक्ती पुन्हा शहाणपणाची ठरली.

आणि आज?

आज आपल्याला वाटतं की क्लाउड आला, प्रश्न मिटला. २००६ मध्ये ॲमेझॉनने तासाला १० सेंट दराने मशीन भाड्याने द्यायला सुरुवात केली, १.७ जीबीच्या आसपास मेमरीचं. २०१६ पासून त्यांची मशीन मुंबईतही आहेत. पण क्लाउडच्या मेनूत किती प्रकारची मशीन असतात ते एकदा बघा. जास्त मेमरीचं, जास्त प्रोसेसरचं, वेगवान डिस्कचं. निवड संपलेली नाही. फक्त चूक केली तर आता रॅक गळ्यात पडत नाही, महिन्याचं बिल पडतं.

म्हणून निवडायच्या आधी तीन प्रश्न. एक: माझं काम चपात्यांचं आहे की आहेराच्या वहीचं? दोन: हे मशीन आत्ता या क्षणी मेलं तर पुढच्या मिनिटाला काय होईल? याचं उत्तर "बघू" असेल तर मशीन कितीही महाग असो, ईबेचे ते २२ तास आठवा. तीन: मी पैसे नक्की कशाचे मोजतोय? जागेचे, विजेचे, मशीनचे की माणसांचे? कारण गूगलचा तो विचित्र रॅक भाड्याच्या एका ओळीतून जन्मला होता.

आणि तत्काळचं काय? २००२ मध्ये आयआरसीटीसीवर ऑनलाइन तिकीट सुरू झालं. २०१४ मध्ये नवी यंत्रणा आली, तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली. पण गाडीची यादी दाखवणं म्हणजे चपात्या, ते कितीही मशीनांवर वाटता येतं. तेहतीस नंबरचा लोअर बर्थ मात्र एकच आहे. तो तुम्हाला द्यायचा की नागपूरच्या कोणाला, हे एकाच वहीत, एकाच ओळीत ठरतं. जगातलं कुठलंही हार्डवेअर त्या बर्थचे दोन बर्थ करू शकत नाही. म्हणून पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "मोठा सर्व्हर घ्यायला काय होतं यांना", तर त्यांना हा एपिसोड पाठवा. मला फोन नका करू!

जाता जाता एक. सन मायक्रोसिस्टिम्स २०१० मध्ये ओरॅकलच्या पोटात गेली. तिच्या मेन्लो पार्कमधल्या जुन्या कॅम्पसमध्ये पुढे फेसबुक राहायला आलं. त्यांनी दारावरची सनची पाटी काढली नाही, उलटी करून तिच्यावर स्वतःचं चिन्ह लावलं. मागच्या बाजूने बघितलं तर जुनं नाव दिसायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला रोज आठवण: काल इंटरनेट ज्यांच्या मशीनवर चालायचं, ते आज पाटीच्या मागे आहेत.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला. तुमच्या कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या साइटचं काम चपात्यांचं आहे की वहीचं, ते कळवा. तोपर्यंत फोन चार्ज ठेवा, बॅकअप घेत राहा. नमस्कार!